शाळेच्या फाटकाला चिकटूनच गाडी का लावायची?

विश्रामबागची आई:
काल सकाळी शाळेसमोर एका मोठ्या गाडीचं रस्त्याकडचं दार धाडकन उघडलं. माझी सहावीतली मुलगी सायकलवरून येत होती, ती थेट दारावर आपटली. कोपर सोललं, सायकलची बास्केट चेपली, डबा उघडून भेंडीची भाजी रस्त्यावर. गाडीतल्या बाई काय म्हणाल्या? "बघून चालवायचं ना!" पोरगी डबा उचलायला वाकली आणि तेवढ्यात मागून दुसरी गाडी रिव्हर्स येत होती. मी ओरडले म्हणून थांबली. रात्रभर झोप नाही मला.

सांगली सपाट गाव आहे हो, चढ नाही की घाट नाही. आम्ही सगळ्या सायकलनेच शाळेत गेलो. आज मुलीला सायकल देताना ट्रकपेक्षा इतर पालकांच्या गाड्यांची धास्ती वाटते. शाळेच्या दारासमोर गाडी लावू नये हे १९८९ च्या वाहतूक नियमांतही होतं. शंभर पावलं अलीकडे थांबा, एवढंच मागणं आहे.

सांगलीवाडीचा बाबा:
ताई, दार उघडणाऱ्याचीच चूक, त्यात वाद नाही. पण सगळ्या गाडीवाल्यांना एकाच माळेत ओवू नका. मी आयर्विन पुलावरून येतो, पोराला सोडून कुपवाडला एमआयडीसीत कामावर पोचायचं असतं. त्याला दमा आहे, थंडीत दुचाकीवर आणला की रात्री धाप लागते. आणि शंभर पावलं अलीकडे उतरवू कुठे? फूटपाथ आहे का? गटारावरची फरशी फुटलीय, तिथं पोरगं चालवायचं?

शंभर फुटी रोडचे आजोबा:
दुचाकीवाले तरी कुठे कमी आहेत? एक मूल पुढे उभं, दोन मागे, आणि गाडी उलट्या दिशेने. चार वर्षांखालच्या मुलाला पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ताशी ४० च्या वर नको, असा नियम २०२३ पासून लागू आहे. नातवाला रोज सोडतो, तसा पट्टा मी एकदाही पाहिला नाही. त्यात नववीतली पोरं स्कूटर घेऊन क्लासला. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तरी किल्ली घरातूनच मिळते.

विश्रामबागची आई:
आजोबा, पटलं. ती स्कूटर माझ्याही मुलीच्या अंगावर येऊ शकते.

सांगलीवाडीच्या दादांना मात्र एक विचारते. शाळा सुटायच्या वेळी एसीसाठी वीस-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून गाड्या उभ्या असतात. बालवाडीतली पोरं त्या धुरातच रांग लावतात. दम्याच्या पोराला ते चालतं का?

सांगलीवाडीचा बाबा:
हे डोक्यात आलं नव्हतं. मीही चालू ठेवतो, उन्हात गाडी तापते म्हणून. उद्यापासून बंद. पण लांब उतरवणार नाही. सात वर्षांचं पोरगं, रस्ता ओलांडताना हात कोण धरणार?

विश्रामबागची आई:
मी धरते. सात वाजता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी असते, मुलगी आत जाईपर्यंत. तिथे फरशीही धड आहे.

सांगलीवाडीचा बाबा:
पावसाचे दिवस सोडून बघू. आज पोराला विचारतो. मुलीचं कोपर कसं आहे आता?