वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ'मध्ये सैतान गात का नाही?

रानवाट: मंडळी, जर्मन ऑपेरा संगीतकार वाग्नरबद्दल वाचताना त्याच्या आधीचा संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर सारखा भेटत होता म्हणून काल त्याचा ऑपेरा 'डेर फ्रायशुट्झ' लावला, पण मधेच गाणं थांबतं आणि सरळ संवाद सुरू होतात, आणि तो सैतान, सामिएल, तर अख्ख्या ऑपेरात एक ओळ गात नाही. हे असंच आहे की मला कापलेली आवृत्ती मिळाली?

तारसप्तक: असंच आहे. आपल्या संगीत नाटकासारखं समजा, पदं गायची आणि मधलं गद्य बोलायचं. सामिएलला सूर दिलेलेच नाहीत, त्याची ओळख सगळी ऑर्केस्ट्रात आहे. ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीचं वाद्यसंगीत, परत ऐका, सुरुवातीला चार हॉर्न, अगदी शांत जंगल, आणि मग एकदम व्हायोलिन थरथरायला लागतात, क्लॅरिनेट खालच्या पट्टीत जाते आणि तिंपनीचे (मोठ्या नगाऱ्यांचे) दबके ठोके पडतात. तो सामिएल! लांडग्यांच्या दरीचा प्रवेश तर चुकवूच नका, सामिएलच्या कह्यात गेलेला शिकारी कास्पर बंदुकीच्या जादूच्या गोळ्या ओततो आणि एक, दोन असं मोजतो, दर आकड्याला डोंगरातून प्रतिध्वनी येतो, दुसऱ्या गोळीला रानडुक्कर धावतं, पाचवीला आकाशातून भुतांची शिकार जाते आणि सातवीला सामिएल स्वतः हजर. १८२१ साली बर्लिनमध्ये लोकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय झालं असेल!

जुनीतबकडी: वरच्या प्रतिसादाला +१. वेबर माणूसही फार जीव लावणारा हो. जन्म १७८६, जर्मनीतल्या ऑयटिनचा, वडिलांची फिरती नाटक कंपनी त्यामुळे लहानपण गावोगाव गेलं. मोझार्टची बायको कॉन्स्टान्झ त्याची चुलत बहीण. १८१७ पासून ड्रेस्डेनला जर्मन ऑपेरा उभा करत होता आणि तेव्हा दरबारात मान सगळा इटालियन ऑपेराला. पुढे क्षयानं पोखरला तरी आपल्या मागे बायकामुलांना चार पैसे राहावेत म्हणून इंग्रजी शिकून लंडनला गेला, एप्रिल १८२६ मध्ये आपला 'ओबेरॉन' हा ऑपेरा स्वतः कंडक्ट केला आणि ५ जूनला तिथेच गेला, वय अवघं ३९. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. १८४४ ला त्याचे अवशेष ड्रेस्डेनला आणले, त्यात वाग्नरचा पुढाकार होता, समाधीपाशी भाषणही त्यानंच केलं.

रानवाट: धन्यवाद दोघांनाही! रेकॉर्डिंग कुठलं घेऊ?

तारसप्तक: कंडक्टर कार्लोस क्लायबरचं, १९७३ चं, ड्रेस्डेनच्याच ऑर्केस्ट्राबरोबर. हेडफोन लावून ऐका.