मदत हवी आहे: नवीन वर्षात काम वाढवायचंय, माणूस आधी की करार आधी?

नमस्कार मंडळी. बेळगावात छोट्या उद्योगांसाठी जाहिरात, माहितीपत्रकं, सोशल मीडिया असं संवाद सल्लागाराचं काम करते. डिसेंबर आला की वर्षभराची वही उघडते. यंदा काम भरपूर झालं, पण जवळजवळ सगळं सुटं. खडेबाजारातल्या साडीच्या दुकानाला दिवाळीआधी घाई, मग संक्रांतीपर्यंत फोन नाही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे, मात्र बारमाही: कॅटलॉग इंग्रजीत, कामगारांसाठी सुरक्षेच्या सूचना कन्नड आणि मराठीत. मला खरा वाव तिथेच दिसतो.

अडचण कन्नडची. बोलता छान येतं, छापण्याजोगं लिहिता येत नाही. कर्नाटकातल्या कन्नड भाषा कायद्याच्या २०२४च्या दुरुस्तीनंतर दुकानं-उद्योगांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागतं, त्यामुळे मागणी वाढलीय. चांगली कन्नड लिहिणारी व्यक्ती पगारावर घ्यावी, की कामागणिक पैसे द्यावेत?

दुसरं, मासिक ठराविक रकमेचा करार करायचाय. माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, म्हणजे कायद्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पण जुन्या गिऱ्हाइकाला हा नियम दाखवायचा कसा, संबंध न बिघडवता? आपल्याकडे धंदा ओळखीवरच चालतो, आणि ते मला मोडायचं नाहीये.

निपाणी, खानापूर, कोल्हापूरकडे असं काम करणारे कुणी असाल तर मासिक दर कसा ठरवता आणि करारात काय लिहिता, प्लीज सविस्तर सांगा.