सुटे पेडल की टचस्क्रीन?
दृष्टिहीन गिटारवादकाने टचस्क्रीनचं मल्टी-इफेक्ट (गिटारचा आवाज बदलणारे अनेक इफेक्ट एकाच पेटीत) घ्यावं का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते आधी सुटे पेडलच घ्या, म्हणजे एकेका इफेक्टची वेगळी, पायाने चालू-बंद करायची पेटी. साधा नॉब दोन्ही टोकांना अडतो, घड्याळातल्या ७ पासून ५ पर्यंतच फिरतो, त्यामुळे बोटांना जागा कळते. मल्टी-इफेक्टमधला एन्कोडर, म्हणजे टोकाला न अडणारा नॉब, नुसता गरगर फिरतो, आकडा मात्र पडद्यावर!

इथे नागपुरात माझ्या भाच्याच्या पेडलवर आम्ही नॉबच्या रेषेवर नेलपॉलिशचे तीन थर वाळवून उंचवटा केलाय. स्टेजवरही तो वाकून, चाचपून बरोबर लावतो.

मल्टीच हवं असेल तर मिडीवालं (वाद्य-उपकरणांना एकमेकांना संदेश पाठवता येतात ती सोय असलेलं) बघा, ‘प्रोग्रॅम चेंज’ या मिडी संदेशाने १२८ पॅचपर्यंत (साठवलेल्या आवाजाच्या सेटिंग) पायाने बदलता येतात. आणि त्याचं मोबाइल अ‍ॅप टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय) लावून सीताबर्डीच्या दुकानातच तपासा. आमच्याकडचं एक अ‍ॅप प्रत्येक ठिकाणी फक्त ‘बटण, बटण’ वाचायचं. पोरगा रडकुंडीला आला होता.