थेरपिस्ट 'आपल्यातला' असायला हवा का?

निळी शाई

दीड वर्ष थेरपी घेतली आणि मध्येच सोडली. निमित्त एका प्रश्नाचं. मी सांगत होते की माझं आडनाव कळलं की ऑफिसात काही लोकांच्या बोलण्याचा सूर बदलतो. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "याचा पुरावा काय?"

बाई वाईट नव्हत्या. सीबीटीत, म्हणजे विचार तपासून बदलायच्या थेरपीत, हे विचारतातच. मनात आलेला विचार पकडायचा, त्याच्या बाजूचं आणि विरुद्धचं मांडायचं, अतिरंजित निघाला तर दुरुस्त करायचा. माझ्या वाक्यापुढे त्यांनी 'माइंड रीडिंग' असं लिहिलं, म्हणजे समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवून टाकायची सवय. पुढची तीन सेशन मी साक्षीपुरावे गोळा करत होते. चौथ्याला गेलेच नाही.

तेव्हापासून मैत्रिणी सांगतायत, आपल्यातलाच कोणीतरी शोध. मला ते पटत नाही. समाज एकच असायची गरज नाही, पण मी जे अनुभवाने शिकले आहे त्याला माझ्या विचारातली चूक समजू नये, एवढी माझी अपेक्षा आहे. ही अपेक्षा हवेतली नाही. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्याच्या इच्छेलाच आजार ठरवून त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं होतं. समलैंगिकता अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीतून निघाली ती थेट १९७३ मध्ये. उपचाराला आलेल्या माणसाला शहाणपण कमी म्हणून त्रास होतो, असं समजायची या क्षेत्राला जुनी खोड आहे.

जात, वंश, धर्म, लैंगिकता, अपंगत्व, निर्वासितपण, कोणत्याही कारणाने कडेला ढकलल्या गेलेल्यांनी सांगा. बाकीच्यांनीही सांगा.

तर्कटराव

बाकीच्यांपैकी मी. काडी टाकतो.

पुराव्याचा प्रश्न चुकीचा नव्हता, विचारायची पद्धत चुकली. सूर खरंच बदलत असेल तर पुरावा तुमच्याच बाजूने जाईल, मग भीती कसली? थेरपिस्टने सगळ्यालाच मान डोलवायची असेल तर त्यासाठी मित्र आहेत, ते फुकट ऐकतात.

दुसरं, 'ट्रॉमा' म्हणजे मनावरचा आघात हा शब्द. तुम्ही तो वापरला नाहीत, पण अशा धाग्यात तो येतोच. डीएसएम म्हणजे तुम्ही म्हणालात तीच अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची यादी. तिच्यात पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या आजाराच्या, व्याख्येत प्रत्यक्ष मृत्यू किंवा त्याचा धोका, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यातलं काहीतरी लागतं. बोलण्याचा सूर त्यात बसत नाही. रोजच्या अपमानालाही तोच शब्द वापरला, तर डोळ्यांदेखत घर जळालेल्या माणसासाठी कुठला शब्द ठेवणार?

तिसरं, जुळणीबद्दल. थेरपिस्ट आणि क्लायंट एकाच वंशाचे असण्यावर कॅब्रल आणि स्मिथ यांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. लोकांना आपल्यातला हवासा वाटतो हे खरं निघालं, पण गुण येण्यात फरक जवळपास शून्य. तेव्हा निम्मा धागा इथेच निकालात.

निळी शाई

जुळणीबद्दल मी तेच म्हणाले आहे, राव. वाचा तरी.

पुराव्याची भीती नाही, कंटाळा आहे. वर्षभर घरी, बाहेर, नोकरीत तेच सिद्ध करत राहायचं आणि वर पैसे मोजून आणखी एका खोलीत तेच? शिवाय पुरावा म्हणजे काय आणणार? सूर टेप करून?

आणि व्याख्या आकाशातून पडत नाहीत. पीटीएसडी हे निदानच १९८० मध्ये यादीत आलं. त्यामागे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांचा रेटा होता. त्याआधी तेही "कमकुवत मनाचे"च होते. माझ्या रोजच्या अपमानाला पीटीएसडी म्हणा असा माझा हट्ट नाही. त्यासाठी 'मायनॉरिटी स्ट्रेस' अशी वेगळी कल्पना आहे, इलान मेयर यांनी २००३ मध्ये ती नीट मांडली: भेदभाव होतो तो एक ताण, तो कधीही होईल म्हणून सावध राहणं हा दुसरा, आणि आपली ओळख लपवत राहणं हा तिसरा. निदान हा दुसरा ताण थेरपिस्टला ओळखता यावा.

मधली खोली

अकरा वर्षं थेरपी करते, म्हणून थोडं लांबण लावते.

प्रशिक्षणात आम्हाला 'संस्कृती' या विषयावर दोन व्याख्यानं होती. त्यात एक तक्ता: अमुक समाजाचे लोक डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, तमुक समाजाचे लोक दुःख शरीराच्या तक्रारींतून सांगतात. तो तक्ता घेऊन मी पहिली दोन वर्षं लोकांचं नुकसानच केलं असणार. माणूस समोर बसलाय आणि मी त्याचा रकाना शोधतेय. टर्व्हेलॉन आणि मरे-गार्सिया या दोघींनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं होतं की दुसऱ्याच्या संस्कृतीत 'पारंगत' होण्याचा दावा सोडा, 'कल्चरल ह्युमिलिटी' ठेवा, म्हणजे आपल्याला माहीत नाही हे धरून चाला आणि खोलीत सत्ता कोणाकडे आहे ते तपासत राहा. आमच्यापर्यंत ते कोणी पोचवलं नाही.

आता ट्रॉमा. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सांगितलेले तीन टप्पे आम्ही सगळेच शिकतो: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा जगाशी जोडून घेणं. पहिल्या टप्प्यावर आम्ही एक ठरलेलं वाक्य बोलतो, "धोका संपलाय, तुमच्या शरीराला ते अजून कळलेलं नाही." अपघातातून वाचलेल्याला हे वाक्य खूप आधार देतं. पण जो माणूस सेशन संपवून त्याच गल्लीत, त्याच वर्गात, त्याच साहेबासमोर जाणार आहे, त्याला हे सांगणं म्हणजे शुद्ध खोटं बोलणं. त्याच्या शरीराला बरोब्बर कळलेलं आहे.

मग काम बदलतं. सावधपणा 'काढून टाकायचा' नसतो. तो कुठे खरा आहे आणि कुठे जुना उरलेला आहे, हे दोघांनी मिळून निवडायचं. माझ्या एका क्लायंटला खोलीत शिरल्यावर दाराकडे तोंड करून बसावं लागायचं. मी तिची ती सवय मोडायला गेले नाही, खुर्ची फिरवली. चार महिन्यांनी तिनेच सांगितलं की घरी आता दाराकडे पाठ करून जेवते, बाहेर मात्र नाही. मला यात उणं काही दिसलं नाही. बाहेरचा तिचा अंदाज बरोबर होता.

बारीक गोष्टी आणखी आहेत. मी काय लिहून ठेवते आणि ते कोण वाचू शकतं, हे पहिल्याच दिवशी सांगायचं. ज्यांच्याबद्दल कचेऱ्यांनी आयुष्यभर फायली ठेवल्या, त्यांना माझ्या हातातल्या पेनचीच धास्ती असते. दार लावण्याआधी विचारायचं. घटना सांगायचा आग्रह धरायचा नाही. आघातानंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलून मोकळं करायचं म्हणून जे 'डीब्रीफिंग' करत, त्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो, हे कोक्रेन या अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात केव्हाच दिसून आलंय.

तर्कटराव, "पुरावा काय" आणि "तेव्हा तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं" यांत फरक आहे. दुसऱ्या प्रश्नात मी न्यायाधीश नसते.

अर्धविराम

इथे मी उलट्या बाजूने. मी समलैंगिक आहे. थेरपीला गेलो ते वडील गेले म्हणून, झोप उडाली म्हणून. थेरपिस्ट अतिशय 'जाणीवसंपन्न'. तिसऱ्या सेशनपर्यंत वडील बाजूला आणि माझी ओळख मध्यभागी. मी म्हणतोय की मला त्यांच्या खोकल्याचा आवाज आठवतो, ती विचारतेय की त्यांनी मला 'स्वीकारलं' होतं का. स्वीकारलं होतं हो! मस्त होते आमचे वडील! तिचा चेहरा किंचित पडल्यासारखा वाटला. (हे माझं माइंड रीडिंग असेल, मान्य.)

मी म्हणजे तिच्या अभ्यासक्रमातलं एक प्रकरण. मला साधा, जुन्या वळणाचा, मुकाट ऐकून घेणारा थेरपिस्ट चालेल.

आणि 'आपल्यातला' म्हणाल तर तोही अनुभव घेतला. आमचं जग लहान. वेटिंग रूममध्येच दोन ओळखीचे भेटले. थेरपिस्टचं पालुपद एकच: "मीही यातूनच गेलोय, सगळं ठीक होतं." तो त्यातून गेला होता, मी गेलो नव्हतो.

निळी शाई

"तो त्यातून गेला होता, मी गेलो नव्हतो" याला +१. माझ्या मैत्रिणींना पाठवते.

रात्रपाळी

सगळी चर्चा खुर्ची कुठे फिरवायची यावर चाललीय. ज्याला त्रास देतात त्यालाच दर आठवड्याला दुरुस्तीला न्यायचं, आणि त्रास देणारा बाहेर निवांत. श्वासाचे व्यायाम करून पुन्हा त्याच साहेबासमोर ताजंतवानं उभं करायचं, यालाच उपचार म्हणायचं का?

इग्नासिओ मार्तिन-बारो हा मानसशास्त्रज्ञ एल साल्वादोरमध्ये हेच सांगत होता: अत्याचाराने झालेली जखम एकट्याच्या डोक्यात शोधू नका, ती माणसामाणसांच्या संबंधात आहे. १९८९ मध्ये तिथल्या सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. थेरपिस्टला कोणी गोळ्या घालत नाही, मार्तिन-बारोला घातल्या. यातून काय ते समजा. फ्रांझ फॅनन या मानसोपचारतज्ज्ञाने तर १९५६ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियातल्या इस्पितळाचा राजीनामाच दिला. वसाहतीतल्या माणसाला त्याच्याच देशात परका करून ठेवलंय, तिथे उपचार कसले करता, असा त्याचा सवाल होता.

मधली खोली

रात्रपाळी, राजीनाम्याआधी त्याच इस्पितळात त्याने तीन वर्षं काय केलं तेही सांगा ना.

१९५३ मध्ये तो ब्लिदा शहरातल्या त्या इस्पितळात आला. वॉर्डात मासिक काढायचं, सण साजरे करायचे, बैठका घ्यायच्या, असे फ्रान्समध्ये शिकलेले उपाय सुरू केले. युरोपीय बायकांच्या वॉर्डात ते छान चालले. मुस्लीम पुरुषांच्या वॉर्डात सपशेल आपटले. त्याने रुग्णांना दोष दिला नाही. आपणच परक्या समाजाचा साचा यांच्यावर लादला, असं त्याने सहकाऱ्याबरोबर लिहून छापलं. मग वॉर्डात तिथल्या पद्धतीचा कॉफीचा अड्डा सुरू केला, त्यांचे सण पाळले, गोष्टी सांगणारा बोलावला. तेव्हा वॉर्ड हलला. हे सगळं बाहेर वसाहतीचं राज्य चालू असताना. राज्य जाईपर्यंत त्या माणसांना झोप लागू द्यायची नाही, असं त्याला वाटलं नव्हतं.

रात्रपाळी

आणि शेवटी तरी राजीनामा द्यावाच लागला. माझा मुद्दा तोच.

पाणकोंबडी

आतापर्यंत नुसती वाचत होते. तज्ज्ञच हवा असं सगळ्यांनी धरून का चाललंय?

झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने २००६ मध्ये वस्तीतल्या १४ आज्यांना समस्या सोडवण्याची साधी थेरपी शिकवली. दवाखान्याच्या आवारात बाक, त्यावर आजी आणि समोरचा माणूस. 'डिप्रेशन' शब्दच नाही. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं, तिथून बोलणं सुरू होतं. हरारेतल्या २४ दवाखान्यांत, ५७३ लोकांवर याची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांचा त्रास नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी होता.

म्हणजे जुळणीपेक्षा भाषेने काम केलं, असं मला वाटतं. त्रासाला त्यांचाच शब्द होता.

तर्कटराव

चाचणी रॅन्डमाइज्ड आहे, म्हणजे कोणाला कुठला उपचार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, त्यामुळे गप्प बसतो. पण एक सांगा, आजी आहे तिथेच राहणारी, म्हणजे 'आपल्यातली'च झाली की. आणि तिने गावभर केलं तर? अर्धविरामांच्या वेटिंग रूमचं काय?

पाणकोंबडी

बरोबर. गुप्तता पाळायचं त्यांना शिकवतात. पण लहान जगात ही भीती उरणारच. ज्याला ती आहे त्याला लांबचाच बरा.

निळी शाई

मी पुन्हा शोधायला सुरुवात करतेय. मधली खोली, पहिल्या फोनवर काय विचारू?

मधली खोली

"तुमचा माझ्या समाजाचा अभ्यास आहे का" हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. असं विचारा: "मी एखाद्या गोष्टीला भेदभाव म्हटलं आणि तुम्हाला तसं वाटलं नाही, तर तुम्ही काय कराल?" त्यावर समोरचा थोडा थांबला, अडखळला, तर एक सेशन घेऊन बघा. लगेच घोटीव उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.

तर्कटराव

अडखळण्यावरून माणूस निवडायचा. धन्य आहे.

अर्धविराम

मी हाच प्रश्न उलटा करून विचारणार आहे. "मी म्हणालो की यात भेदभाव नाही, फक्त वडील गेलेत, तर ऐकाल ना?"