वेताळ टेकडीवर सायकलींसाठी वेगळी वाट काढावी का?

बावधनकर

नमस्कार. पुण्यातील बावधनच्या बाजूने वेताळ टेकडीवर सुट्टीच्या दिवशी सायकल चालवणारा आमचा लहानसा गट आहे. आतापर्यंत आम्ही मळलेल्या वाटांवरूनच जात आलो. परंतु सकाळी सातनंतर तेथे फिरायला येणाऱ्यांची, विशेषतः ज्येष्ठ नागरिकांची, इतकी वर्दळ असते की उतारावर वेग घेणे योग्य वाटत नाही. म्हणून गटातील काही जणांनी असे सुचवले आहे की, पठाराच्या कडेपासून सरळ खाली जाणाऱ्या जाळरेषेच्या (वणवा रोखण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्टीच्या) आधाराने सायकलींची स्वतंत्र वाट करावी. मध्ये वनविभागाने पाणी मुरवण्यासाठी खोदलेल्या सलग समतल चरांचे बांध आहेत. त्यांवर थोडी माती चढवली की उडी मारण्याजोगे उंचवटे आयते मिळतील. एकही झाड तोडावे लागणार नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. मला हे पटत नाही, पण नेमके कोठे चुकते आहे ते त्यांच्यापुढे मांडताही येत नाही.

दुसरा प्रश्न साधनांचा. माझ्या सायकलला पुढे १०० मिमीचा, धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क आणि केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आहेत. काट्यांमुळे पंक्चर सतत होतात, आणि तीव्र उतारावर मागचे चाक जाम होऊन घसरते. खर्च करायचा झाल्यास आधी कशावर करावा?

मुरूमवाट

झाड तुटले नाही म्हणजे नुकसान झाले नाही, ही समजूत आधी दूर करावी लागेल. आपल्या टेकड्यांवर कातळावर मुरूम-मातीचा जेमतेम थर असतो आणि तो गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला असतो. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या जोरदार सरींत. सरळ खाली उतरणारी वाट म्हणजे पाणी ज्या दिशेने आपोआप धावते तीच दिशा. चाकांनी गवत गेले आणि बोटभर खोल चाकोरी पडली की पुढच्या पावसात त्या चाकोरीचा ओघळ होतो, ओघळातला मुरूम वाहून जातो, उघड्या पडलेल्या दगडांवरून जाणे जड वाटू लागले की सायकलवाले शेजारून दुसरी चाकोरी पाडतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत जेथे हातभर रुंदीची वाट होती तेथे घसाऱ्याचा पट्टा उरतो. टेकडीवरचे जुने आडमार्ग नीट पाहिलेत तर हा सगळा क्रम एकाच उतारावर दिसेल.

जगभर वाटा बांधणारे लोक यासाठी एक साधा नियम पाळतात: टेकडीच्या बाजूला जितका उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला असू नये. १०० मीटर आडव्या अंतरात टेकडी २० मीटर उतरत असेल, तर तिच्या अंगावरून तिरकी जाणारी वाट तेवढ्याच अंतरात १० मीटरपेक्षा जास्त उतरू नये. टेकडी कितीही तीव्र असली तरी वाटेचा सरासरी उतार शेकडा १० च्या आत ठेवतात. शिवाय वाटेची बाहेरची कड किंचित, शेकडा ५ इतकी, कलती ठेवतात आणि अधूनमधून वाट थोडी वर चढवून पुन्हा खाली आणतात, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता ठिकठिकाणी बाजूला उतरते. आपल्या जुन्या ढोरवाटा पाहा, त्या बहुतेक अशाच तिरक्या, वळणे घेत उतरतात.

आता चरांविषयी, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. सलग समतल चर हा समान पातळीवर खोदलेला असतो, जेणेकरून वरून आलेले पाणी त्यात पसरून उभे राहील आणि जमिनीत मुरेल. त्याच्या खालच्या अंगाचा बांध चाकांनी एका जागी चार बोटे जरी खचला, तरी चरातले सगळे पाणी त्या एका खिंडारातून बाहेर पडते, खालच्या चरावर आदळते आणि तोही फोडते. मी असा एक फुटलेला चर पावसात पाहिला आहे. वर पाणी स्वच्छ होते आणि खिंडाराच्या खाली चहासारखे लाल. तुमच्या मित्रांना उडीसाठी हवा असलेला उंचवटा म्हणजे नेमका हाच बांध आहे.

कायद्याचा भागही त्यांना स्पष्ट सांगा. वेताळ टेकडीचा मोठा भाग वनविभागाच्या ताब्यात आहे, आणि राखीव वनातील जमीन शेतीसाठी किंवा अन्य कोणत्याही कारणासाठी फोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. जाळरेषा ही वणवा रोखण्यासाठी मोकळी ठेवलेली पट्टी आहे; ती मोकळी दिसते म्हणून वापरास खुली आहे असे होत नाही.

सकाळचा फिरस्ता

मी सायकल चालवत नाही, टेकडीवर चालायला जातो, म्हणून एवढेच लिहितो. सायकलींबद्दल माझी तक्रार नाही; वळणावर न कळता अंगावर येणाऱ्या सायकलीची भीती मात्र वाटते. घंटी लांबून वाजवा, वेग कमी करा, आणि वाट अरुंद असेल तर पाय टेकवून थांबा. आमच्यातील अनेकांना ऐकू कमी येते.

आणखी एक. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत टिटवी उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते. घरटे असे नसतेच, चार खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची अंडी. रातवा हा पक्षीही जमिनीवरच बसतो. मळलेली वाट सोडून गेलेल्या चाकाखाली ती आली तर सायकलवाल्याला कळणारही नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर आल्या पावली मागे फिरावे.

दातेरी चक्र

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही एक बाजू मांडतो, कारण सगळा दोष सायकलींवर टाकणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील माँटाना राज्यात केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती मोकळी केल्याचे आढळले. वाट नीट आखलेली असेल तर तिच्यावरून जाणारी सायकल पायी माणसापेक्षा अधिक घातक नसते, असे मी मानतो. मात्र चाक फिरत असेल तरच. जाम झालेले चाक मातीवर नांगरासारखे चालते, आणि म्हणून बावधनकरांचे दोन्ही प्रश्न मला एकच वाटतात.

आधी पैसे ब्रेकवर खर्च करा. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, डिस्क ब्रेकमध्ये एका बोटाने दाब कमी-जास्त करता येतो. केबलच्या ब्रेकला जोर लावावा लागतो, आणि लावलेला जोर एकदम चाक धरतो. त्यासोबत सवयही बदला: उतारावर पेडल समपातळीत ठेवून उभे राहा, वजन थोडे मागे आणि खाली न्या, आणि पुढचा ब्रेक हळूहळू वापरायला शिका. बहुतेक नवशिके पुढच्या ब्रेकला घाबरून सगळा भार मागच्यावर टाकतात, म्हणूनच मागचे चाक घसरते.

त्यानंतर टायर. बाभूळ आणि हिवराच्या काट्यांपुढे ट्यूबचा निभाव लागत नाही. रिम त्या प्रकारची असेल तर ट्यूबलेस करून घ्या आणि आत सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरा. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी तपासत जा. २.२ ते २.४ इंच रुंदीच्या टायरमध्ये वजनानुसार २५ ते ३० पीएसआय हवा पुरते. गच्च भरलेला टायर दगडांवर उसळतो आणि पकड सोडतो. १०० मिमीचा फोर्क या टेकड्यांना पुरेसा आहे. हेल्मेटबद्दल चर्चाच नको, ते हवेच.

या खेळाचा इतिहासही मित्रांना जरूर सांगा. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइसच्या परिसरात १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. आजच्या माउंटन बाइकची सुरुवात तेथलीच. त्याच डोंगरावरच्या बहुतेक अरुंद पायवाटा पुढे सायकलींना बंद झाल्या. अशा बंदीला तोंड देण्यासाठीच तेथील क्लबांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन इम्बा (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही संघटना स्थापन केली, आणि वर मुरूमवाट यांनी दिलेला निम्म्या उताराचा नियम जगभर पोहोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. स्वतःच्या वाटा स्वतः सांभाळणारे लोक म्हणून ओळख झाली, तेव्हाच त्यांना अनेक ठिकाणी परवानगीने वाटा बांधता आल्या. पुण्यात आपली ती ओळख अजून व्हायची आहे, आणि विनापरवाना काढलेली एक वाट ती सुरू होण्याआधीच संपवील.

बावधनकर

सर्वांचे मनापासून आभार. चरांचा मुद्दा मी गटात वाचून दाखवला आणि उंचवट्यांचा विषय तेथेच मिटला. आता असे ठरते आहे की नव्या वाटेऐवजी, आम्ही नेहमी वापरतो त्या वाटेवरचा सर्वांत खराब झालेला तुकडा दुरुस्त करण्याची परवानगी वनविभागाकडे लेखी मागावी. अर्जात काय लिहावे? आणि पावसाळ्यात सायकल पूर्ण बंद ठेवावी का?

मुरूमवाट

अर्ज मोघम नको. तुकड्याचा नकाशा, छायाचित्रे, वाटेची लांबी, कोणते काम कोणत्या हत्यारांनी करणार आणि किती माणसे येतील हे लिहा. यंत्र आणणार नाही, बाहेरची माती आणणार नाही, हेही लिहा. काम त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली करण्याची तयारी दाखवा. फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी काही जणांच्या सह्या मिळाल्या तर घ्या. वर लिहिलेल्या फिरस्त्यांसारखी माणसे सोबत असली तर अर्जाला वजन येते.

अर्जापूर्वी मात्र एका चांगल्या सरीत छत्री घेऊन त्या तुकड्यावर चालत जा. पाणी वाटेवर कोठून शिरते आणि कोठे सोडून जाते, हे कोरड्या दिवसात ओळखता येत नाही. बहुतेक वेळा वरच्या एकाच जागी आडवा दगडी उंबरठा घालून पाणी बाजूला काढले की खालची निम्मी दुरुस्ती आपोआप टळते.

पावसाळ्यात सरसकट बंदीची गरज नाही. मुरमाची वाट दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की बऱ्यापैकी निचरते; काळ्या मातीची वाट आठवडाभर चिकट राहते. टायरला माती चिकटून फ्रेमला घासू लागली किंवा मागे चाकोरी उमटू लागली, तर उतरून सायकल हातात धरून परत या. त्या दिवसांत मुळशीकडचे डांबरी रस्ते आहेतच.

सकाळचा फिरस्ता

अर्ज तयार झाला की येथे कळवा. सह्यांचे काम आमच्या सकाळच्या मंडळींकडे द्या.