मालवाहू व्हॅनच्या पुढच्या ब्रेक डिस्क : फेसिंग करून घ्यावे की पुन्हा नव्या घालाव्यात?

धागाकर्ता, बेळगाव

नमस्कार. आमची मालवाहू व्हॅन बेळगावच्या एपीएमसीतून भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात जाते आणि परतीला बहुधा रिकामीच येते. गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. पावसाळ्यापूर्वी पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे घातले होते. तरीही आता साठच्या वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते आणि स्टेअरिंगही हलते. गॅरेजमध्ये डिस्क वाकल्या आहेत, पुन्हा नव्या घाला, असे सांगण्यात आले. एवढ्या लवकर डिस्क खराब होत असतील तर दोष डिस्कचा आहे की आणखी कशाचा, हे मला समजून घ्यायचे आहे. उद्यमबागेत लेथवर फेसिंग, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग किंचित कापून सपाट, करून घेणे योग्य ठरेल का? नव्या घ्यायच्या झाल्यास कोणत्या घ्याव्यात? गाडीवर चालक दुसरा असतो आणि त्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे केवळ पैसे वाचवणारा सल्ला नको आहे.

लेथ वर्कशॉप, उद्यमबाग

मोजमाप झाल्याशिवाय आपण डिस्क विकतही घेऊ नयेत आणि फेसिंगही करू नये. ‘डिस्क वाकली’ असे सर्रास म्हटले जाते, परंतु आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक डिस्क वाकलेल्या नसतात, त्यांची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. नवी डिस्क बसवताना हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या, तोंडावरचा गंज साफ केला नाही, तर त्या गंजाच्या पापुद्र्यामुळे डिस्क किंचित तिरकी बसते. सुरुवातीला ब्रेक अगदी व्यवस्थित लागतात, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. मात्र ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला डिस्कचा तोच उंच भाग पॅडला घासत राहतो, काही हजार किलोमीटरनंतर तो भाग पातळ होतो आणि मग पेडल थरथरू लागते. नव्या डिस्क काही महिन्यांत ‘वाकतात’ त्याचे खरे कारण बहुधा हे असते, आणि हब साफ न करता तिसरी जोडी घातली तर तिचेही तेच होईल. आपल्याकडील पावसात हबवर गंज लवकर चढतो, म्हणून मी यावर इतका भर देत आहे.

प्रथम व्हील बेअरिंगमध्ये खेळ नाही याची खात्री करावी. त्यानंतर डिस्क सर्व नटांनी हबवर घट्ट आवळून, डायल गेज लावून, काठापासून साधारण १० मिलिमीटर आत तिचा रनआउट, म्हणजे फिरताना ती बाजूला किती डगमगते ते, पाहावा. तो ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम. ०.१० च्या पुढे असेल तर डिस्क काढावी, हबचे तोंड वायर ब्रशने आणि एमरी पेपरने चकचकीत करावे आणि पुन्हा मोजावे. तरीही फरक राहिला तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवून पाहावी. हब आणि डिस्क या दोघांचा तिरकेपणा एकमेकांना भरून काढतो आणि कित्येकदा रनआउट मर्यादेत येतो.

जाडी मात्र मायक्रोमीटरनेच, सहा ते आठ ठिकाणी मोजावी. साध्या व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या काठावर उरलेल्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. फेसिंगनंतर जाडी त्या आकड्याच्या वर राहायला हवी, शिवाय पुढील झिजेलाही जागा उरायला हवी. तेवढी जागा नसेल तर ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी मी ती डिस्क लेथवर चढवत नाही.

व्हॅनमालक, खानापूर

लेथवाल्या दादांचे निदान मला पटते, फेसिंगविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. घाटातल्या भरलेल्या गाडीच्या डिस्कमधले लोखंड कमी करणे मला मान्य नाही, कारण डिस्क जितकी पातळ, तितकी ती लवकर तापते. शहरात फिरणाऱ्या गाडीला फेसिंग चालेल, पण चोर्ल्याच्या उतारावर नको. नवीन घेताना चॅसिस क्रमांक सांगून कंपनीचा मूळ भाग घ्यावा किंवा ब्रेक्स इंडिया, बॉश यांसारख्या जुन्या उत्पादकांचा घ्यावा. डिस्क दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात आणि नव्या डिस्कवर जुने पॅड घालू नयेत.

चालकाशीही बोलून घ्यावे. कणकुंबी मागे पडली आणि पुढे केरीकडे उतरायला लागले की गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असायला हवी आणि वेग मुख्यतः इंजिनाने धरायला हवा. ब्रेक थोडा वेळ ठामपणे दाबून सोडावा, पाय त्यावर सतत ठेवू नये. घाट उतरल्यावर तापलेल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारण्याची काहींना सवय असते. गार पाण्याने तापलेल्या बिडाला तडे जाऊ शकतात, म्हणून ती सवय मोडायलाच हवी.

आयटीआय निदेशक, चिक्कोडी

घाटात किती उष्णता निर्माण होते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. दोन टन वजनाची गाडी ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी मुरावी लागते. एवढ्या उष्णतेत ३० लिटर गार पाणी उकळीला येईल. इंजिन ब्रेकिंग केले नाही, तर यातला फार मोठा वाटा ब्रेकवर पडतो आणि दोन टनांच्या जागी तीन टन भरले की तो दीडपट होतो.

दोन बाबींचा उल्लेख राहिला आहे. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना गंजून अडकल्या तर एकच पॅड घासत राहते, गाडी एका बाजूला ओढते आणि त्या बाजूची डिस्क निळसर पडते. या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. चाकाचे नट इम्पॅक्ट गनने एकाच दमात आवळू नयेत. ते समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावेत. नट कमी-जास्त आवळले गेल्यानेही डिस्क तिरकी होते. पॅडचे अस्तर ३ मिलिमीटरवर आले की ते बदलण्याच्या तयारीला लागावे. घाटात नियमित चालणाऱ्या गाडीचे पॅड दर महिन्याला पाहावेत, पावसाळ्यात त्याहून लवकर.

धागाकर्ता, बेळगाव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हब साफ केल्याचे गॅरेजवाले सांगत नाहीत, त्यामुळे मोजमापापासूनच सुरुवात करतो. ब्रेक ऑईल कधी बदलले याची मात्र नोंद माझ्याकडे नाही. ते याच वेळी बदलावे का? आणि डिस्क काढून लेथवर आणून दिल्या तर चालेल का?

आयटीआय निदेशक, चिक्कोडी

नोंद नसेल तर बदलूनच घ्यावे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ ऑईलचा नव्या स्थितीतील उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या स्थितीत त्याची मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. घाटात ऑईल उकळून नळीत वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलावे आणि झाकणावर जो प्रकार लिहिला असेल तोच वापरावा.

लेथ वर्कशॉप, उद्यमबाग

डिस्क काढून आणू नये, गाडीच घेऊन यावी. रनआउट हबवरच मोजावा लागतो. सुट्या डिस्कची जाडी तेवढी कळेल, ती गाडीवर तिरकी बसते की नाही हे कळणार नाही. खानापूरच्या दादांच्या आक्षेपाविषयी सांगायचे तर, जाडीत पुरेशी जागा असेल तरच आणि हबचा दोष काढल्यानंतरच मी फेसिंग सुचवेन. घाटाच्या गाडीला शंका असेल तेव्हा नवीनच घालावी, यावर माझेही दुमत नाही. नव्या डिस्क घातल्यास पहिल्या दिवशी रिकाम्या गाडीने मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगातून दहापर्यंत हळुवार ब्रेक लावत आठ-दहा वेळा पॅड बसवून घ्यावेत आणि प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर गाडी चालवून डिस्क गार होऊ द्यावी. हे झाल्यानंतरच भाजी भरून घाटात पाठवावी.