खाटा वाढवताय, पण रात्रपाळीला कोण?

धायरीकर: सरकारी दवाखान्यांत खाटा वाढवायचं नियोजन म्हटलं की सगळे खूश. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हजार लोकांमागे 2 खाटांचं उद्दिष्ट आहेच. पण गेल्या पावसाळ्यात वडील एका सरकारी दवाखान्यात होते (नाव नको). दोन रात्री जमिनीवर गादी, तिसऱ्या दिवशी खाट. फरक? पाठ दुखायची थांबली, एवढाच. सलाईन संपत आली की चाक मीच बंद करायचो, कारण पंचेचाळीस पेशंटना सिस्टर दोन. एका जागेवर चोवीस तास नर्स हवी तर पाळ्या, सुट्ट्या धरून पगारावर चार-पाच जणी लागतात. आधी त्या भरा, मग खाटा आणा.

कसब्यातला: उलटं आहे साहेब. खाटा मंजूर झाल्या तरच त्यावर पदांचा आकृतिबंध, म्हणजे किती पदं हवीत याचा मंजूर तक्ता, मागता येतो. नसलेल्या वॉर्डासाठी नर्स कोण देणार? पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाची अकरा मजली इमारत वर्षानुवर्षं रखडली आणि 2020च्या एप्रिलमध्ये कोविडसाठी सुरू झाली. ऑगस्टमध्ये सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर 800 खाटांचं तात्पुरतं जम्बो कोविड रुग्णालय! मनात आणलं की होतं.

धायरीकर: जम्बोचं बोललात ते बरं झालं. कुठंय आज? साथ ओसरली, मैदानाचं पुन्हा मैदान झालं.

दुपारपाळी: मी वॉर्डातच काम करते. भरती निघते ती बहुतेक अकरा महिन्यांच्या करारावर. मुलगी हाताखाली तयार झाली की खासगीत जाते, नाहीतर परदेशात. आणि एक बोलू का? आमच्याकडचे कितीतरी पेशंट इथवर यायलाच नकोत. तालुक्याला 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय असतं, पण भूलतज्ज्ञ नाही. मग सिझरसाठी ॲम्ब्युलन्स थेट पुण्यात. केसपेपरवर कारण एका शब्दात: रेफर.

पौड रोड: धर्मादाय रुग्णालयांतल्या 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांना सवलतीत असतात. त्या आधी मिळवून द्या की!

कसब्यातला: त्या मिळवायला उत्पन्नाचा दाखला घेऊन फिरावं लागतं, रात्री अकराला कोण देतं? आणि दुपारपाळी ताई, तालुक्याला भूलतज्ज्ञ येईपर्यंत त्या बाळंतिणीला आम्ही व्हरांड्यात झोपवायचं का?

धायरीकर: तिला खाट हवीच, त्यावर भांडण नाही. पण पहाटे तीनला रक्तस्राव सुरू झाला तर बघणार कोण? तिचा नवरा?